शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांना घाबरट माणसांचा मनस्वी तिटकारा होता. असेना का, पण ज्या माणसाचं घर घाबरटांच्या जिवावर चालतं त्याने तो जरा झाकून ठेवायला हवा होता. मास्तरांनी तो पाटीसारखा दर्शनी भागात लावला होता.

ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत. स्कूल म्हणजे टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या की माणसाने अंग चोरून उभं राहावं एवढी खोली, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, आणि दारात पांढरी गाडी. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' अशी पाटी. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, म्हणजे शिकणाऱ्याने घोळ घातलाच तर शेजारी बसलेल्याला गाडी थांबवता येते. या दुसऱ्या ब्रेकचा मास्तरांना फार अभिमान. "वर्ष वर्ष मला याला पाय लावावा लागत नाही," असं ते म्हणत, आणि तेव्हा ते खरंही होतं.

शिकायला येणारे बिचारे आधीच अर्धमेले होऊन यायचे. "भीती वाटते?" मास्तर विचारायचे. "मग चालत जा. पाय दिलेत ना देवाने?" एकदा एका बाईंना भर चौकात रडू कोसळलं, तर मास्तरांनी काच पुसायचं फडकं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी काच पुसा, मग डोळे." हा विनोद ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसत. भीती म्हणजे अंगचोरपणा, लाडावलेल्या माणसाचं सोंग, रिकाम्या डोक्याचा उद्योग, असं त्यांचं मत होतं, आणि ते कुणी विचारण्याची ते वाट पाहत नसत.

अशा या वाघाला एका स्वच्छ, कोरड्या दुपारी, उड्डाणपुलावर, काहीही कारण नसताना भीतीने गाठलं.

विद्यार्थ्याला सोडून ते एकटेच परत येत होते. पूल अर्धा चढून झाला आणि हातांना मुंग्या आल्या. मग छातीत कुणीतरी आतून दार ठोठावायला लागलं. कानात दडे बसले, जीभ टाळ्याला चिकटली, श्वास घशापर्यंत येऊन परत जायला लागला. पुढचा रस्ता लांब लांब होत चालला आणि कडेचा कठडा मात्र जवळ जवळ येत चालला. आपण मरतोय, आत्ता, या पुलावर, टपावर ही पाटी घेऊन, अशी त्यांची पक्की खात्री झाली. त्यांनी गाडी पुलाच्या मधोमध उभी केली आणि स्टिअरिंगला मिठी मारली. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेजारून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून पाटी वाचली आणि म्हणाला, "काका, शिकवणारा कुठे पळाला?"

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. "पॅनिक अटॅक आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, मी गाडी शिकवतो!"

"शिकवणाऱ्यांनाही येतो." त्या शांतपणे समजावत राहिल्या. अटॅक चढतो तसा उतरतो, त्याने माणूस मरत नाही. गाडी बाजूला घेता आली तर घ्यावी, श्वास सावकाश सोडावा, आणि पुलाला घाबरून पूल टाळू नये, कारण टाळलं की भीतीचा मुक्काम वाढतो. उपचार आहेत, पुढच्या आठवड्यात या.

मास्तर पुढच्या आठवड्यात गेले नाहीत. त्या पोरसवदा बाईचं ऐकायला त्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. घरी त्यांनी बायकोला सांगितलं, "गॅस झालेत."

मग त्यांनी स्वतःचे उपाय काढले. पेपरमिंटची गोळी चघळून पाहिली. खिडक्या उघड्या टाकल्या. रेडिओ एवढा मोठा केला की सिग्नलला लोक वळून पाहायला लागले. स्वतःला आईमाईवरून शिव्या दिल्या, जशा विद्यार्थ्यांना द्यायची फार इच्छा असूनही देता येत नसत. पण भीतीला शिव्या कळत नसाव्यात. शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं नेमकं तेच केलं. पूल सोडला. मग पुलापाशी नेणारा चौक सोडला. मग ज्या रस्त्याला ट्रक लागतात तो रस्ता सोडला. शहर आक्रसत आक्रसत घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत आलं, आणि एके दिवशी वाण्याच्या दारातही छातीत ठोठावायला लागलं, तेव्हा मास्तर स्टिअरिंगसमोरून उठले ते कायमचे. शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तिथे बसणं हा तर त्यांचा धंदाच होता. कोण कशाला संशय घेणार?

युक्ती मोठी नामी होती. "गाडी घरातून बाहेर काढणं हा पहिला धडा," असं त्यांनी जाहीर केलं. सकाळचा विद्यार्थी पायपीट करत मास्तरांच्या घरी यायचा आणि त्यांना घेऊन निघायचा. "गर्दीत घरी पोचणं हा शेवटचा धडा." संध्याकाळचा विद्यार्थी त्यांना दारापर्यंत सोडायचा आणि मग आपला आपण घरी जायचा. संध्याकाळी एक निवृत्त कारकून यायचा. सगळे त्याला पेन्शनर म्हणत. साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस; बायकोला घेऊन गावोगाव हिंडायचं म्हणून त्याने उतारवयात गाडी शिकायला घेतली होती. राहायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मास्तरांना घरी सोडून दोन बस बदलत तो घरी जायचा, आणि वर लोकांना सांगायचा, "मास्तर फार मनापासून शिकवतात हो. घरापर्यंत नेतात." अशा माणसाचं काय करावं?

एवढं करूनही भीती गेली नाही. ती बरोबरच शेजारच्या सीटवर येऊन बसली. समोरून ट्रक आला, वळण आलं, कुणी आडवं गेलं, की छातीत धडधड सुरू. मग मास्तरांना एक सापडलं: त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय टेकवून ठेवला की जरा बरं वाटतं. नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. निदान ते स्वतःला तसं सांगायचे. घाबरलेल्या माणसाचा पाय किती टेकतो आणि किती दाबतो, हे त्याच्या बुटालाच माहीत.

आणि त्याच सुमाराला मास्तरांचे विद्यार्थी टेस्टला धडाधड नापास व्हायला लागले. शिकताना ज्यांची गाडी गरीब गाईसारखी चालायची, त्यांची टेस्टच्या मैदानावर उसळायची. थांबायच्या रेषेवर म्हणून ब्रेक लावावा, तर गाडी रेषा ओलांडून पुढे. टेस्ट घेणारे साहेब कागदावर फुली मारायचे. पेन्शनर तर चारदा नापास झाला. मास्तरांना कारण शोधायची गरज वाटली नाही. ते त्यांच्याकडे तयारच होतं. "हल्लीची माणसंच पिचकी," ते म्हणायचे. "मनगटात जोर नाही, काळजात दम नाही." रस्त्यापलीकडच्या स्कूलवाल्याकडे रांग लागायला लागली, तेव्हा म्हणाले, "तिकडे लाडावून ठेवतात."

मग पाळी आली घरच्याच माणसावर.

मास्तरांची लेक लहानपणापासून धिटुकली. हात सोडून सायकल चालवायची, झाडावरून उतरवायला शेजारी बोलवावे लागायचे. तिने लॅबोरेटरीचं शिक्षण घेतलं होतं आणि एका लॅबमध्ये तिची निवडही झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, लॅबची गाडी स्वतः चालवायची. तिला हवं तेच काम. अट एकच: कामावर रुजू होण्याआधी लायसन्स. नाहीतर पुढच्या नंबरला बोलावणं जाणार.

ती पहिल्यांदा नापास झाली, कारण निघतानाच गाडी उसळली. दुसऱ्यांदा नापास झाली, कारण गाडी रेषेवर थांबली नाही. आता तिसरी आणि रुजू होण्याआधीची शेवटची टेस्ट उरली होती.

जेवताना मास्तरांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. "माझ्या पोटी ही गोगलगाय कुठून आली कोण जाणे. माझं नाव मातीत घालणार. लोक विचारतात मला, मास्तर, घरच्याच पोरीला येत नाही?"

"अहो, जरा गोड बोला तिच्याशी," बायको म्हणायची.

"गोड बोलून गाडी थांबत नाही."

पोरगी ताटात बोटं फिरवत बसायची. ऐकून ऐकून तिला ते खरं वाटायला लागलं होतं. गाडीची किल्ली हातात घेतली की तिच्या तळव्यांना घाम सुटायचा. टेस्टच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, मी लॅबला फोन करून नाही म्हणून टाकू का? माझ्यात काहीतरी कमी आहे. उगाच कुणाच्या अंगावर गाडी घालेन."

हे ऐकून बापाला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. आठ वर्षांची असताना छपरावर चढून 'बाबा, बघा' म्हणून ओरडणारी हीच पोर. आता ती खाली मान घालून बोलत होती. पण वाईट वाटलं की मास्तर ते तोंडावाटे काढत तिखट करूनच. "आधीच शेपूट घाल," ते म्हणाले. "चल, गाडी काढ. शेवटची रपेट."

मैदानावर निभावलं की साहेब गाडी रस्त्यावर न्यायला लावत, आणि त्या रस्त्यात पूल होता. मास्तर कुणालाच पुलावर नेत नसत. "पुलावर शिकण्यासारखं काही नसतं, सरळच जायचं असतं," म्हणून सांगत. पोरीने मात्र न विचारता वळण घेतलं.

"इकडे कुठे?"

"उद्या पूल आहे, बाबा. मी एकदाही चढले नाहीये."

मास्तरांना 'वळव' म्हणायचं होतं, पण तोंडात थुंकी उरली नव्हती. पाय आपोआप जागेवर गेला. गाडी कण्हत कण्हत चढायला लागली. पोरगी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी मुंगीच्या पावलाने चाललीय. मागचे हॉर्न वाजवत, हातवारे करत पुढे जात होते. माथा ओलांडून उतार लागला तसा जळका वास यायला लागला.

"ब्रेकवरचा पाय काढ!" मास्तर ओरडले. आवाज चिरकला होता. "जाळशील ब्रेक! हजारदा सांगितलं!"

"काढलाय."

"काढलेला नाहीस! वास येतोय मला! खोटं कशाला बोलतेस?"

पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने दोन्ही गुडघे वर घेतले आणि टाचा सीटच्या कडेला टेकवल्या. तिच्या पायाखाली आता काहीच नव्हतं. उतारावरची गाडी पळायला हवी होती. ती हळू हळू होत गेली, तिने दोन आचके दिले, इंजिन बंद पडलं आणि गाडी उतारावर जागच्या जागी उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "माझे दोन्ही पाय वर आहेत."

दोघांनीही खाली पाहिलं. मास्तरांचा बूट ब्रेकवर असा रुतला होता की पँटच्या आत पोटरी थरथरताना दिसत होती. खरं सांगायचं तर त्यांनाही तो तिथे पाहून धक्का बसला.

"ते... खबरदारी म्हणून," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

 पोरगी हुशार होती. तिला दुवे जोडायला वेळ लागला नाही. "म्हणजे मी तुमच्या ब्रेकविरुद्ध गाडी ओढायला शिकले. थांबताना अर्धं काम तुमचा पाय करायचा. आणि टेस्टला शेजारी साहेब असतात, त्यांचा पाय ब्रेकवर नसतो. म्हणून उसळते. म्हणून थांबत नाही." तिचा आवाज हळूहळू चढत गेला. "पेन्शनर काकांचंही तसंच. सगळ्यांचंच तसं!"

एवढ्यात एक ट्रक धडधडत शेजारून उतरला, गाडी हलली, आणि मास्तरांचं सगळं आवसान गळालं. ते हवेसाठी धडपडायला लागले. एका हाताने दाराची कडी, दुसऱ्या हाताने स्वतःची कॉलर. कपाळावर घामाचे थेंब.

पोरीचा राग क्षणात उतरला. "बाबा! छातीत दुखतंय? दवाखान्यात नेऊ?"

"हृदय नाही," मास्तर कसेबसे म्हणाले. "डॉक्टरीण म्हणाली... हृदय नाही ते."

झालं. तोंडून निसटलं.

"म्हणजे तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात." तिने हँडब्रेक ओढला आणि पूर्ण वळून बसली. मागे हॉर्न वाजत होते, वाजू देत. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे काय आहे ते. आईला माहीत आहे?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"तुम्ही घाबरता याचा मला राग नाही, बाबा. माझ्या काळजाचं पाणी झालंय हे ऐकून. पण तुम्ही घाबरायचात आणि मला गोगलगाय म्हणायचात? ताटावर बसून? आई समोर असताना? मी नोकरी सोडायला निघाले होते!"

 आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांकडे टोमणा शिल्लक नव्हता.

"पाय काढा," ती म्हणाली.

"निघत नाही."

सबब नव्हती ती. खरंच निघत नव्हता. मग पोरीने वाकून बापाचा घोटा धरला आणि जड सामान उचलावं तसा तो पाय ब्रेकवरून उचलला. "आता मांडी घाला. सीटवरच. दुसराही वर घ्या."

आणि मास्तर, ज्यांच्या नावाने भल्याभल्यांना कापरं भरायचं, भर उड्डाणपुलावर, 'शिकाऊ चालक' पाटीखाली, मांडी घालून बसले. बुटांसकट. शेजारच्या गाडीतल्या एका मुलाने त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या आईला काहीतरी विचारलं.

पोरीने गाडी सुरू केली. गाडी उसळली, कारण सवयीने तिने जोरात दाबलं. पुढच्या वेळी तिने हलकं दाबलं. पूल उतरून तिने खालच्या चौकातून वळसा घेतला आणि पुन्हा पूल. आणि पुन्हा. "अहाहा, हा ब्रेक किती वेगळा लागतो!" ती स्वतःशीच म्हणाली. शेजारी बाप डोळे गच्च मिटून, गुडघे धरून, मरणाची वाट पाहत होता. मरण काही येईना. छाती धडधडायची ती धडधडली, श्वास अडकायचा तो अडकला, हात बधिर झाले, आणि मग कितव्यातरी फेरीला ते सगळं आपोआप ओसरायला लागलं. मास्तरांनी काही शौर्य गाजवलं म्हणून नव्हे. नुसतं बसून राहण्यापलीकडे त्यांनी काहीच केलं नव्हतं. भीतीलाही कधीतरी कंटाळा येत असावा.

घराच्या दाराशी मास्तर म्हणाले, "उद्या मैदानावर याबद्दल कुणाजवळ काही बोलू नकोस."

"मी नाही बोलणार," पोरगी म्हणाली. "बोलायचं काम तुमचं आहे." आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ही रांग. त्यात पेन्शनरही होता, पाचव्यांदा, इस्त्रीचा शर्ट घालून. पलीकडचा स्कूलवाला आपल्या पोरांची पाठ थोपटत फिरत होता. टेस्ट घेणारे साहेब कागदांचा गठ्ठा घेऊन आले आणि पोरीचं नाव पाहून त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. साहेब लोकांना स्वतःचे विनोद फार आवडतात, आणि ऐकणाऱ्यांना टेस्ट पास व्हायची असते.

"काय मास्तर, पुन्हा कन्यारत्न? अहो, दुसरीकडे चिकटवा हिला कुठेतरी. हिच्यात धमकच नाही. गाडी चालवायला काळीज लागतं, हे तुम्हीच सांगता ना जगाला?"

रांग हसली. पेन्शनर सगळ्यात मोठ्याने हसला, कारण निदान या वेळी विनोद त्याच्यावर नव्हता. मास्तरांचंही तोंड सवयीने हसायला उघडलं. अशा विनोदांना ते नेहमी वर आणखी एक जोडत. मग त्यांचं लक्ष पोरीकडे गेलं. ती विनवत नव्हती, चिडलीही नव्हती. किल्ली मुठीत घट्ट धरून ती नुसती त्यांच्याकडे पाहत होती.  आता हसलो तर ही पोर गाडीत बसायच्या आधीच नापास होणार, हे मास्तरांना उमगलं.

"हसायला काय झालं?" ते एकदम खेकसले. कबुलीसुद्धा त्यांना दुसऱ्यावर ओरडल्याशिवाय देता येईना. "तिच्यात सगळं आहे. माझ्यात नाही. मला गाडीत भीती वाटते. अटॅक येतात. कित्येक महिने झाले, मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शेजारी बसतो तेव्हा माझा पाय ब्रेकवर असतो, आणि ही सगळी माणसं त्या दाबलेल्या ब्रेकवर शिकलीत. म्हणून तुमच्या गाडीत... म्हणजे माझ्याच गाडीत, तुम्ही शेजारी बसलात की नापास होतात. आता हसा!"

 पलीकडच्या स्कूलवाल्याने नुसता घसा खाकरला.

साहेबांचा चेहरा लांब झाला. "तुम्ही गाडी चालवत नाही, आणि शिकवता?"

"हो."

"हे मला वर कळवावं लागेल, मास्तर. डॉक्टरांचं सर्टिफिकेट येईपर्यंत स्कूल बंद ठेवावं लागेल."

"कळवा."

 पोरगी साहेबांच्या आधी गाडीत जाऊन बसली, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. साहेब शेजारी बसले आणि गाडी निघाली. उसळली नाही.

मास्तर तिच्या मागे पाहत उभे होते, तेव्हा पेन्शनर रांग सोडून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. जवळून पाहिल्यावर त्याचे डोळे लाल दिसले.

"तुमचा पाय होता तो?"

"हो."

"चार वेळा, मास्तर. चार वेळा घरी जाऊन बायकोला सांगितलं, माझं डोकं चालेनासं झालंय आता. बँकेत सही करताना हात कापायला लागला माझा. मुलाला म्हटलं, घराचे कागद तूच बघ यापुढे, मला नाही जमणार. मला वाटलं, म्हातारपण आलं." त्याचा आवाज फाटला. "आणि तुम्ही म्हणायचात, काळजात दम नाही. मी खरं मानलं हो. तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. माफीची सवय नसल्याने ती त्यांच्या तोंडून हुकूम सोडल्यासारखी बाहेर पडली.

पेन्शनरने मान हलवली. ती मान माफ केल्याची होती की कीव आल्याची, हे मास्तरांना कळलं नाही, आणि विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. "आज मी टेस्ट देत नाही," पेन्शनर म्हणाला. "पायाला अजून तुमचीच सवय आहे." तो रांगेत परत गेला नाही. आपली पिशवी उचलून तो बसच्या थांब्याकडे चालायला लागला.  लाज वाटली मास्तरांना, चांगली पायाच्या नखापर्यंत. त्यांना त्याच्यामागे धावावंसं वाटलं, पण धावून सांगायचं काय, हेच सुचेना.

गाडी परत आली आणि रेषेच्या आत अलगद थांबली. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि मास्तरांकडे न पाहता पुढच्या माणसाला हाक मारली. पोरगी कागद घेऊन आली. ती हसत होती आणि नाकही ओढत होती.

"झाले पास."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लहानपणी ठेवायचे त्याहून जरा जास्त वेळ ठेवला.

पलीकडच्या स्कूलवाल्याने साहेबांच्या परीक्षेसाठी आपली गाडी पुढे आणली, तेव्हा जागा करून द्यायला या दोघांना निघावंच लागलं. पोरगी स्टिअरिंगसमोर बसली. मास्तर सवयीने शेजारच्या दाराकडे गेले.

"तिथे नको," ती म्हणाली. "मागे बसा."

मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. तिथे ना क्लच, ना ब्रेक, पाय टेकवायला नुसती रबराची चटई. गाडी मैदानाबाहेर पडली, चौक ओलांडला आणि पोरीने पुलाचा रस्ता धरला. या वेळी तिने आधी आरशातून मास्तरांकडे पाहिलं. चढ लागला. हातांना मुंग्या आल्या. छातीत ओळखीचं ठोठावणं सुरू झालं. आजवर त्यांनी ते कधी रेडिओखाली, कधी शिव्यांखाली, कधी दुसऱ्यांच्या काळजाला नावं ठेवून दडपलं होतं.

"सुरू झालं," मास्तर मोठ्याने म्हणाले.

"बाजूला घेऊ?"

कठडा जवळ येत होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.

"नको," ते म्हणाले. "चालव तू. संपलं की सांगतो."